पिठाची गोणी आणि पाच रुपयांची सही

आमच्या घराण्यात एक अलिखित नियम आहे. जो मीटिंगला उशिरा पोचतो त्याच्या गळ्यात काम पडतं. गेल्या महिन्यात मी वीस मिनिटं उशिरा पोचलो आणि 'लिलावाचं नियोजन' नावाचं प्रकरण गळ्यात घेऊन परत आलो.

झालं असं. आजोळच्या तालुक्याच्या गावी मुलींचं एक छोटं वसतिगृह आहे. बहुतेक मुली ऊसतोड कामगारांच्या. आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन बाहेर पडतात ते उन्हाळ्यातच परततात. मुलगी बरोबर गेली की तिची शाळा सुटलीच म्हणून समजा. वसतिगृह असलं की सुटत नाही, इतकं साधं गणित आहे. आमच्या आजोबांनी, म्हणजे अण्णांनी, या वसतिगृहाला सुरुवातीला थोडी मदत केली होती. त्यामुळे पुढच्या पिढ्यांवर ते ओझं, किंवा मान, काय म्हणाल ते, चालत आलेलं. यंदा अमेरिकेतल्या आतेभावाने कल्पना काढली की नुसते पैसे मागण्यापेक्षा लिलाव करू. घरोघरच्या जुन्या वस्तू, पितळेची भांडी, पैठण्या, कुणाची चित्रं... लोक चढाओढीने पैसे देतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग मी दारातून आत आलो. :)

आता मला कुठलंही काम दिलं की मी आधी त्याचा इतिहास शोधायला बसतो. बायकोच्या मते ही काम टाळायची पद्धत आहे. असेलही. पण यावेळी त्या शोधात जे सापडलं त्याने आमच्या कामाचीच दिशा बदलली, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात शब्दापासून. 'लिलाव' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला. त्यांचा 'लेलांव' आपण असा काही मराठी करून टाकला की आज कुणाला शंकाही येत नाही. विदर्भ-मराठवाड्यात याच गोष्टीला 'हर्रास' म्हणतात, तो अरबीतून आलेला. म्हणजे शब्द दोन्हीही परके. पण देवाधर्माच्या नावाने बोली लावणं मात्र आपल्या हाडीमांसी खिळलेलं आहे. गोव्यातल्या देवळांत देवाला आलेल्या फळांची 'पावणी' होते, सिंधुदुर्गात तिलाच 'पावणेर' म्हणतात. बाजारात पन्नास रुपयांना मिळणारा फणस तिथे पाचशेला जातो आणि घेणारा खुशीत असतो. मुंबईत लालबागच्या राजाला आलेल्या सोन्याचांदीचा लिलाव होतो तेव्हाही दागिन्याचं वजन बघून कोणी बोली लावत नाही. आणि जैन मंदिरांत तर पर्युषणात, महावीर जन्मवाचनाच्या दिवशी, त्रिशलामातेच्या चौदा स्वप्नांच्या बोली लागतात. गंमत म्हणजे परंपरेने ही बोली रुपयात नसते, 'मण तुपात' असते! तिथे तर घरी न्यायला वस्तूही नाही. स्वप्नाची प्रतिकृती उतरवण्याचा मान, बस्स.

धर्मादाय लिलावाचं सगळं मर्म या पावणीत आहे असं मला वाटायला लागलं. साध्या लिलावात माणूस वस्तूची किंमत करतो. इथे तो चारचौघांच्या देखत स्वतःची किंमत सांगतो. त्यात थोडी भक्ती, थोडा अभिमान, थोडी शेजाऱ्याशी ईर्ष्या. गोळा होणारा पैसा मात्र तिन्हींचा सारखाच खणखणीत.

असो. देवळातून आता जरा लांब जाऊ. अमेरिकेत.

१८६३ साल. अमेरिकेत यादवी युद्ध चाललेलं. जखमी सैनिकांना औषधं, कपडे, भाजीपाला पुरवण्याचं काम 'सॅनिटरी कमिशन' नावाची स्वयंसेवी संस्था करत होती आणि तिची तिजोरी कायम रिकामी. शिकागोतल्या दोन बायकांनी, मेरी लिव्हरमोर आणि जेन होग यांनी, ठरवलं की मोठी जत्रा भरवायची. लोकांनी वस्तू द्यायच्या, लोकांनीच त्या विकत घ्यायच्या. उद्दिष्ट २५ हजार डॉलरचं. पुरुषमंडळी हसली.

या बाईंची एक आठवण वाचून मी थबकलो. जत्रेसाठी एक तात्पुरतं सभागृह उभारायचं होतं. बांधकाम करणारा आला, सगळं ठरलं, आणि करारावर सही करायची वेळ आली तेव्हा म्हणाला, तुमची सही चालणार नाही, नवऱ्याची पाहिजे. या म्हणाल्या, पैसे आमचे आहेत, आम्ही रोख देतो. तरी नाही. कायद्याने लग्न झालेल्या बाईचे पैसे नवऱ्याचे! देशासाठी पैसे उभे करायला निघालेल्या बाईला एका लाकडी सभागृहाचा करार करता येईना. नवऱ्यांच्या सह्या घेतल्या, सभागृह उभं राहिलं, जत्रा झाली. पण लिव्हरमोरबाईंच्या मनात तो करार रुतून बसला. युद्ध संपल्यावर त्या बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीत पडल्या आणि उरलेलं आयुष्य त्यातच राहिल्या.

याच जत्रेसाठी त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष लिंकनना पत्र धाडलं, की गुलामांच्या मुक्तीचा जो जाहीरनामा तुम्ही काढलात त्याची तुमच्या हातची मूळ प्रत आम्हाला द्या. आम्ही विकणार! मागण्याचं धाडस बघा. लिंकननी ती दिलीसुद्धा. सोबतच्या पत्रात त्यांनी कबूल केलं की हा कागद आपल्याजवळ ठेवायची थोडी इच्छा होती, पण त्याने सैनिकांच्या दुःखात काही उतार पडणार असेल तर ते जास्त बरं. तो कागद ३,००० डॉलरना गेला. जत्रेत सर्वात मोलाची देणगी देणाऱ्याला सोन्याचं घड्याळ ठेवलं होतं, ते अर्थात लिंकननाच मिळालं. आणि २५ हजारांच्या उद्दिष्टाच्या तिपटीहून जास्त पैसे जमले.

पुढे काय झालं त्या कागदाचं? शिकागोच्या इतिहास मंडळात जपून ठेवला होता. १८७१ च्या प्रचंड आगीत शहराबरोबर तोही जळाला. लिंकनचा त्याआधीचा मसुदा १८६४ मध्ये आल्बनीच्या जत्रेला दिला होता, तो सोडतीत गेरिट स्मिथ नावाच्या गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्याला लागला. लागला म्हणजे काय, पठ्ठ्याने एकट्याने हजार तिकिटं घेतली होती! तो मसुदा आजही न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथालयात आहे. वस्तूंचं नशीब असं असतं. त्या गेल्या तरी त्यांनी उभा केलेला पैसा ज्याच्या जखमेवर पट्टी बनून लागला, तिथे लागलेला असतोच.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. पिठाच्या गोणीची.

नेवाडातलं ऑस्टिन नावाचं खाणकामगारांचं गाव. एप्रिल १८६४. महापौराची निवडणूक. रूएल ग्रिडली नावाच्या किराणा दुकानदाराने पैज लावली. त्याचा उमेदवार हरला तर त्याने पन्नास पौंडाची पिठाची गोणी खांद्यावर घेऊन गावभर चालायचं. उमेदवार हरला. ग्रिडलीने गोणी झेंड्यांनी, रंगीत फितींनी सजवली, खांद्यावर घेतली आणि बँडबाजाच्या तालावर मैलभर चालत गेला. सगळं गाव मागे. मिरवणूक संपल्यावर प्रश्न आला की आता या गोणीचं करायचं काय? कुणीतरी म्हणालं, लिलाव करू, पैसे सॅनिटरी कमिशनला.

पहिल्याने बोली लावली, पैसे दिले आणि गोणी परत केली. म्हणाला, पुन्हा विका. दुसऱ्याने घेतली. परत केली. तिसऱ्याने, चौथ्याने... दिवसभर तीच गोणी विकली जात राहिली. ग्रिडली ती घेऊन व्हर्जिनिया सिटीला गेला, मग खाणींच्या वाडीवाडीला, मग कॅलिफोर्नियात, मग थेट पूर्वेकडे सेंट लुईसपर्यंत. गावागावांत ईर्ष्या लागली की शेजारच्या गावापेक्षा आपला आकडा मोठा पाहिजे. मार्क ट्वेन तेव्हा व्हर्जिनिया सिटीत वार्ताहर होता आणि ग्रिडली त्याचा लहानपणीचा शाळासोबती. त्याने 'रफिंग इट'मध्ये हे सगळं रंगवून सांगितलंय. एकूण किती जमले याचे आकडे वेगवेगळे सांगतात, पण दीड लाख डॉलरच्या खाली कोणी येत नाही. एका पिठाच्या गोणीवर! 

वाचताना मला सारखी आपली पावणी आठवत होती. ऑस्टिनच्या खाणकामगारांना सिंधुदुर्ग माहीत असायचं कारण नव्हतं, पण त्यांना नेमकं तेच कळलं होतं. वस्तू हे निमित्त. निमित्त जितकं बिनमोलाचं, तितकं देणं स्वच्छ दिसतं.

पण या गोष्टीला एक शेपूट आहे आणि ते कुणी फारसं सांगत नाही. ग्रिडली जवळजवळ वर्षभर गोणी घेऊन फिरला, स्वतःच्या खर्चाने. परत आला तेव्हा तब्येत ढासळलेली, दुकानाचा धंदा बसलेला. पुढे तो कॅलिफोर्नियात गेला आणि १८७० मध्ये हलाखीतच वारला. त्याचं स्मारक नंतर झालं, गोणी संग्रहालयात गेली. इतरांसाठी लाखो उभे करणाऱ्याचं घर कसं चाललंय हे विचारायला त्या वेळी कुणाला सुचलं नाही. आमच्या यादीत 'स्वयंसेवकांचा प्रवासखर्च' हा रकाना मी त्या रात्री घातला. मामाने विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, ग्रिडलीसाठी. तो म्हणाला, हा कोण?

आता आपल्याकडे येऊ. कारण आपल्याकडे या कामातला एक असा उस्ताद होऊन गेला की त्याच्यापुढे ग्रिडलीही शिकाऊ वाटावा. मोहनदास करमचंद गांधी. शेवटी बनियाच!

त्याची सुरुवात १९०१ मध्ये, घरातल्या भांडणाने झाली. दक्षिण आफ्रिकेतून भारतात परतताना लोकांनी गांधी कुटुंबाला सोन्याचांदीच्या, हिऱ्यांच्या भेटी दिल्या. त्यात कस्तुरबांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार होता. गांधींना रात्रभर झोप नाही. सकाळी ठरवलं की हे सगळं विश्वस्तनिधी करून समाजाला द्यायचं. मुलांना आधी पटवलं (हे राजकारण बघा!) आणि मग बायकोकडे गेले. कस्तुरबांनी ऐकून घेतलं नाही. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. उद्या सुना येतील, त्यांना काय घालू? आणि हार मला दिलाय, तो देणारे तुम्ही कोण? गांधी म्हणाले, तो तुझ्या सेवेसाठी दिला की माझ्या? त्यावर बा जे बोलल्या त्याचा मथितार्थ असा की तुम्ही केलेली सेवा ही मी केलेलीच आहे, रात्रंदिवस राबले ती सेवा नव्हे का? गांधींनी आत्मकथेत हे सगळं प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय आणि हेही लिहिलंय की कशीबशी संमती मिळवली. निधी झाला. पण बांच्या प्रश्नाचं उत्तर, माझ्या मते, आजही बाकी आहे.

तीस-बत्तीस वर्षांनी हाच माणूस देशभर लिलाव करत फिरला. पुणे करार झाला सप्टेंबर १९३२ मध्ये. त्यानंतर लगेच अस्पृश्यतानिवारणासाठी संस्था निघाली, तीच पुढे हरिजन सेवक संघ. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सचिव ठक्करबाप्पा. 'हरिजन' साप्ताहिक फेब्रुवारी १९३३ मध्ये पुण्यातून सुरू झालं. आणि ७ नोव्हेंबर १९३३ ला गांधी वर्ध्याहून दौऱ्यावर निघाले. सुमारे नऊ महिने, साडेबारा हजार मैल, आणि जमलेला निधी आठ लाख रुपयांच्या आसपास.

पैसे जमवायची पद्धत बघा. सभेत मानपत्र दिलं की सभेतच त्या मानपत्राचा लिलाव. चांदीच्या पेटीतून दिलं की पेटीचा वेगळा लिलाव. भेट आलेली वस्तू तिथल्या तिथे विकायची, आणि बोली लावणारे स्वतः महात्माजी. बायकांसमोर हात पुढे करून बांगड्या मागायचे. सहीची किंमत पाच रुपये, ठरलेली. फुकट सही नाही. मानपत्रावर वायफळ खर्च केला म्हणून आयोजकांना वर बोलणीही बसायची.

१४ जानेवारी १९३४ ला मलबारात बडगरा इथल्या सभेत कौमुदी नावाची सोळा वर्षांची मुलगी व्यासपीठावर आली. तिने हातातली एक बांगडी काढून दिली आणि सही मागितली. गांधी सही करतायत तोवर तिने दुसरी बांगडी काढली. मग गळ्यातलं. मग कानातलं. गांधींनी विचारलं की आईवडिलांना चालेल का, आणि हेही विचारलं की घरी जाऊन पुन्हा नवे दागिने मागणार नाहीस ना? तिने सांगितलं, नाही मागणार. गांधींनी 'हरिजन'मध्ये तिच्यावर लेख लिहिला. दुसऱ्याच दिवशी, १५ जानेवारीला, बिहारचा तो भयंकर भूकंप झाला आणि दौऱ्याला, देशाला, दुसरंच वळण लागलं. पण दौरा थांबला नाही. २५ जून १९३४ ला पुण्यात नगरपालिकेकडे निघालेल्या गाड्यांवर बॉम्ब पडला. गांधींची गाडी मागे होती म्हणून ते वाचले. आपल्या पुण्यात. अस्पृश्यता नको म्हणणाऱ्यावर.

इथे आमच्या घरची गोष्ट येते. नोव्हेंबर १९३३ मध्ये हा दौरा विदर्भातून गेला तेव्हा अण्णा पंधरा वर्षांचे होते. सभेला गेले आणि पाच रुपये देऊन सही घेऊन आले. हिशोबाच्या वहीच्या पानावर आहे ती. पाच रुपये आणले कुठून याबद्दल आमच्याकडे दोन पक्ष आहेत. थोरल्या मावशीच्या मते त्यांनी मुंजीतले साठवले होते. मामाच्या मते पणजोबांच्या कोटातून घेतले होते. अण्णा असेपर्यंत विचारलं की नुसते हसायचे. आता ती सही नागपूरला मावशीच्या दिवाणखान्यात फ्रेम करून लावलेली आहे.

आणि आतेभावाने लिलावाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर लिहिलं होतं - गांधीजींची सही.

मावशीचा फोन आला. मी तिच्या तोंडून इतके कठोर शब्द कधी ऐकले नव्हते. "अण्णांची सही विकायला काढलीत? उद्या माझे दागिने काढाल. विचारलंत कुणी मला?" मी म्हटलं, मावशी, मी नाही लिहिलं. ती म्हणाली, "यादी तुझ्याकडे आहे ना? मग तूच." आणि फोन बंद.

मला बांचा हार आठवला. दानाच्या उत्साहात आपण दुसऱ्याच्या मालकीची वस्तू किती सहज देऊन टाकतो!

पण खरा धक्का पुढेच होता. आमची योजना घेऊन मी वसतिगृहावर गेलो. लिलावाच्या पैशातून संगणक कक्ष, त्याला अण्णांचं नाव, भिंतीवर मोठी पाटी. वॉर्डनबाईंनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "छान आहे साहेब. पण आम्हाला विचारलं असतं तर बरं झालं असतं." त्यांनी मला मागे नेलं. पाण्याची टाकी तडकलेली. मुली पहाटे चारला उठून रांग लावतात. न्हाणीघराच्या दोन दारांना कड्या नाहीत, मागच्या बाजूला दिवा नाही. बावन्न मुली. मी तिथे उभा होतो आणि माझ्या हातात संगणक कक्षाचा नकाशा होता. रंगीत.

परतीच्या एसटीत डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. एका पत्राची.

१४ नोव्हेंबर १९३२ ला डॉ. आंबेडकरांनी ठक्करबाप्पांना एक पत्र लिहिलं होतं. ते तिसऱ्या गोलमेज परिषदेला निघाले होते, 'व्हिक्टोरिया' बोटीवरून. नवीन संस्थेने काय करावं याबद्दल. त्यात त्यांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. एक म्हणजे, दारिद्र्य हा माणसाच्या वागण्याचा दोष समजून व्यसनमुक्ती, व्यायामशाळा, वाचनालयं, शाळा काढायच्या. दुसरी, दोष परिस्थितीत आहे हे मानून परिस्थितीच बदलायची. विहिरीवर पाणी भरण्याचा हक्क, शाळेत प्रवेश, नोकऱ्यांत समान संधी, घराघरांत मिसळणं. संस्थेने आपलं बळ दुसऱ्या वाटेवर लावावं, आणि काम करणारी माणसं शक्यतो अस्पृश्यांमधूनच घ्यावीत, असा त्यांचा आग्रह होता. आंबेडकरांनी पुढे १९४५ च्या पुस्तकात नोंदवून ठेवलंय की या पत्राची साधी पोचसुद्धा आली नाही.

संस्थेच्या कारभारात अस्पृश्यांना जागा का नाही असं विचारलं तेव्हा गांधींचं उत्तर असं की ही प्रायश्चित्ताची संस्था आहे. ऋण सवर्णांचं आहे, तेव्हा ते कसं फेडायचं हे ऋणकोनेच ठरवायचं. पाहिजे तर सल्लागार मंडळ करा. मी गांधींना मानणाऱ्या घरातला. त्या उत्तरामागची कळकळ मला कळते. कौमुदीच्या बांगड्या खोट्या नव्हत्या, आमच्या अण्णांचे पाच रुपये खोटे नव्हते (कोटातले असले तरी). पण न्हाणीघराच्या बिनकडीच्या दारापाशी उभं राहिल्यावर मला आंबेडकरांचं पत्रच बरोबर वाटलं. ऋण फेडणाऱ्याने रक्कम ठरवावी एक वेळ. पण धनको समोर बसलेला असताना त्याला तुला काय हवंय हे विचारायचंसुद्धा नाही? नव्वद वर्षांनंतर मी तेच करत होतो, रंगीत नकाशा घेऊन.

मग आम्ही समिती मोडली आणि पुन्हा केली. सात जणांत वॉर्डनबाई आणि वसतिगृहातून शिकून गेलेल्या दोघी. एक आज तालुक्याच्या दवाखान्यात नर्स आहे, दुसरी बँकेत. पहिल्याच बैठकीत नर्सताईंनी अर्ध्या तासात यादी केली. टाकी, कड्या, दिवा, आणि सुटीत घरी जाता न येणाऱ्या मुलींसाठी दिवाळीच्या आठवड्याचा किराणा. हा शेवटचा मुद्दा आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आला नव्हता. आतेभाऊ स्क्रीनवरून म्हणाला, टाकीवर अण्णांचं नाव कसं दिसेल? बँकेतल्या ताई शांतपणे म्हणाल्या, "नाव घाला की. पाणी आलं म्हणजे झालं." सगळे हसले. तोही हसला.

मी त्यांना सहीबद्दलही विचारलं. गांधीजींची सही विकून तुमची टाकी झाली तर तुम्हाला कसं वाटेल? नर्सताईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "सहीचं काय करायचं ते तुमच्या घरचं तुम्ही ठरवा. टाकी कुठे बसवायची ते आम्ही सांगतो."

हे मी मावशीला जसंच्या तसं सांगितलं. सोबत ग्रिडलीच्या गोणीची गोष्टही सांगितली. आणि आणखी एक. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला गांधींचा चष्मा, घड्याळ, चपला, ताट आणि वाटी असा जुडगा अठरा लाख डॉलरना विकला गेला, घेणारे आपले मद्यसम्राट. २०२० मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलजवळ गांधींचा म्हणून एक चष्मा २ लाख ६० हजार पौंडांना गेला. ज्याने स्वतःची सही पाच रुपयांना विकली आणि एक पैही घरी नेली नाही, त्याच्या वस्तूंचा हा बाजार. मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ती सही विकतच घेतली होती रे अण्णांनी. विकायचीच वस्तू ती. पण माझ्या हयातीत भिंत रिकामी नको."

तर मंडळी, ठरलंय ते असं. सहीवर बोली लागेल, पण सही कुणी घरी नेणार नाही. पहिल्याने पैसे द्यायचे आणि म्हणायचं, पुन्हा विका. दुसऱ्याने तेच. पिठाच्या गोणीसारखं. शेवटी फ्रेम मावशीच्या भिंतीवर परत. पहिली बोली मावशीची स्वतःची आहे, आकडा तिने सांगितलेला नाही. एवढंच म्हणाली की पाच रुपयांपेक्षा जास्त असेल. :)

लिलाव पुढच्या महिन्यात, दुसऱ्या रविवारी, वसतिगृहाच्याच अंगणात. मुली पोहे करणार आहेत. पितळी भांडी, जुने ग्रामोफोन, हाताने विणलेलं काही, पिठाची गोणीसुद्धा, काहीही चालेल. द्यायचं असेल तर मला कळवा. फक्त एक विनंती. यादी पाठवण्याआधी ती वस्तू ज्याची आहे त्याला विचारा. मला आणखी एक फोन झेपणार नाही.